बाळाचे बोल

तान्ह्या मुलाला कोणी व्याकरण शिकवीत नाही. त्याच्यापुढे पाटी नसते, पुस्तक नसते आणि शिक्षकही नसतो. तरीदेखील तीन-चार वर्षांच्या अवधीत ते आपल्या घरची भाषा सहज बोलू लागते. हे कसे घडते?

भाषेचा आरंभ ऐकण्यापासून होतो. आईच्या उदरात असतानाच तिचा आवाज बाळाच्या कानी पडतो. त्यामुळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते तो आवाज ओळखते. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद कळत होता. वर्षाच्या सुमारास मात्र तो फारच थोड्यांना कळला, कारण त्यांच्या भाषेत हा भेद नाही. मराठी मुलाला ‘टाक’ आणि ‘ताक’ हे शब्द वेगळे ओळखावे लागतात; म्हणून त्याचा कान हा भेद जपून ठेवतो.

प्रथम हुंकार, मग सहाव्या-सातव्या महिन्यात ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड, वर्षाच्या सुमारास पहिला शब्द आणि दोन वर्षांच्या आसपास ‘आई, पाणी’ अशी शब्दांची जोडी, असा हा क्रम असतो. पुढे मूल म्हणते, “मी करलं.” आपण हसतो. परंतु ‘करलं’ हा शब्द घरात कोणीच उच्चारलेला नसतो. ‘बसलं, हसलं, पडलं’ हे ऐकून मुलाने स्वतःच नियम शोधलेला असतो. ती चूक म्हणजे त्याच्या बुद्धीची साक्षच होय. योग्य रूप वारंवार कानी पडले, की ते आपोआप ‘केलं’ म्हणू लागते.

ज्या मुलाला ऐकू येत नाही, तेही आरंभी आवाज काढते; म्हणून त्याचे वैगुण्य घरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही आणि मोलाचा काळ निघून जातो. यासाठीच जन्मानंतर लवकर कानांची तपासणी करणे अगत्याचे असते. ज्या घरी खुणांची भाषा चालते, तेथील बहिरे मूल आपल्या चिमुकल्या हातांनीच बडबड करते आणि यथाकाल खुणांनी बोलू लागते. भाषेचे बीज प्रत्येक मुलाच्या ठायी असते. त्याला पाणी घालावे लागते ते माणसांच्या सहवासाचे.

म्हणून ज्या घरात तान्हे बाळ असेल, तेथील ताई-दादांनी त्याच्याशी अवश्य बोलावे. ते उत्तर देत नसले, तरी शिकत असते.