आठवणींना गंज चढत नाही, पाळण्यांना चढतो

गोराईचे एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले आणि चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी मुंबईकरांना एकदम गहिवरून आले. १९८९ साली सुरू झालेले हे मनोरंजन उद्यान. दोन पिढ्यांची शाळेची सहल तिथे गेली. मग जो तो सांगू लागला, काय दिवस होते ते! सगळे कसे चकाचक असायचे, नंतर नंतर पूर्वीची मजा राहिली नाही.

माझीही एस्सेल वर्ल्डची एक आठवण आहे. वडील तुर्भ्याच्या दगडखाणीवर कामाला. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेली आमच्यासारखी अनेक कुटुंबे खाणींच्या आसऱ्याने राहिली. शाळेत सहलीची वही फिरली तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनी माना खाली घातल्या. सहल गेली आणि आली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर निबंधाचा विषय होता, 'आमची सहल'. मीही लिहिला. बाकावरच्या मित्राने जे सांगितले त्यात माझ्या मनाचे घातले आणि न गेलेल्या सहलीचे दोन पानी वर्णन केले. गुरुजींनी दहापैकी आठ गुण दिले! जे पाळणे मी कधी पाहिलेच नव्हते, ते माझ्या निबंधात सगळ्यात जास्त चमकत होते.

त्या निबंधाने मला एक गोष्ट शिकवली. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आठवणीतल्या लोखंडाला गंज चढत नाही, खऱ्या लोखंडाला चढतो. चळवळीतल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. 'पूर्वी सगळे चांगले होते' हे वाक्य कानावर पडले की आपण लगेच विचारतो, कुणासाठी? सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगणारे त्या युगात झाडू कुणाच्या हातात होता हे सांगत नाहीत. मनोरंजन उद्यानांच्या सुवर्णकाळालाही हाच प्रश्न विचारायला हवा. रंग ताजा होता हे सगळ्यांना आठवते. तो रंग लावणारा हात कुणाचा होता, हे कुणालाच आठवत नाही.

आता वास्तव काय ते पाहू. पाळणा, घसरगुंडी, झुकझुक गाडी ही सगळी यंत्रे आहेत. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी त्यांचे नट-बोल्ट, ब्रेक, पट्टे, बेअरिंग तपासावे लागतात. लोखंडाला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली आहे का, हे ठराविक मुदतीने यंत्राने पाहावे लागते. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस. फायबरचे पुतळे उन्हाने पांढरे पडतात. सिमेंटच्या आत गेलेले खारे पाणी सळईला गंजवते, सळई फुगते आणि वरचा गिलावा टरकतो. यात कुणाचा कट नाही, हा निसर्गाचा नियम आहे. त्याच्याशी रोज झगडणे म्हणजेच देखभाल. ही देखभाल चांगली असते तेव्हा दिसत नाही, थांबते तेव्हाच दिसते.

ज्या डिस्नेलँडचे गोडवे जगभर गायले जातात, त्याची गोष्टही वेगळी नाही. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात ते उघडले, त्या पहिल्याच दिवशी नवे डांबर उन्हाने मऊ पडले आणि पिण्याच्या पाण्याचे कितीतरी नळ कोरडे होते. पुढे त्याने स्वच्छतेत नाव कमावले, कारण पाहुणे गेल्यावर रात्रभर माणसे झाडायला, धुवायला आणि रंगवायला असत. त्याच डिस्नेलँडमध्ये सप्टेंबर २००३ मध्ये बिग थंडर माउंटन या गाडीच्या अपघातात एक तरुण मेला. सरकारी चौकशीत चुकीची देखभाल आणि कामगारांचे अपुरे प्रशिक्षण हे कारण निघाले. आपल्याकडे १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी मोठा झोपाळा तुटला आणि माणसे दगावली. देखभाल हा नुसता रंगरंगोटीचा प्रश्न नाही. तो जीवाचा प्रश्न आहे.

आता आपल्या नवी मुंबईकडे या. नेरूळला महापालिकेने डिसेंबर २०१२ मध्ये वंडर्स पार्क सुरू केले. सुमारे तीस एकरांच्या या उद्यानात ताजमहाल, चीनची भिंत, पेट्रा, कोलोसियम, माचू पिचू, चिचेन इत्झा आणि रिओचा ख्रिस्त अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती, लेकरांसाठी छोटी आगगाडी आणि पाळणे. २००७ मध्ये जगभरातून मते मागवून निवडलेली हीच ती नवी सात आश्चर्ये. ज्यांच्या नशिबी आग्राही नाही आणि परदेशही नाही, त्या कष्टकऱ्यांच्या लेकरांना माफक तिकिटात जग दाखवणारे हे उद्यान होते. आमच्या वस्तीतल्या पुढच्या पिढीने निबंध लिहिला तो स्वतः पाहून लिहिला, हे मला मोठे वाटते. २०२० च्या टाळेबंदीत उद्यान बंद झाले, मग नूतनीकरणाचे काम निघाले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा उघडले. आता तिथेही 'पहिले वंडर्स पार्क किती छान होते' असे म्हणणारे भेटतात. बारा-तेरा वर्षांतच सुवर्णकाळ तयार झाला!

गंमत बघा. पेट्राचा मूळ दगड दोन हजार वर्षे उभा आहे आणि सिमेंटच्या प्रतिकृतीला दहा वर्षांत दुरुस्ती लागते. पण म्हणून हसण्याचे कारण नाही. रिओचा मूळ ख्रिस्तही १९३१ चा, सिमेंट काँक्रीटचाच आहे. त्याच्यावर वीज पडते, त्याच्या बोटाचा तुकडा उडतो आणि त्याचीही पुन्हा पुन्हा डागडुजी होते. दुरुस्ती लागणे हा दोष नाही. दुरुस्तीची तरतूद नसणे हा दोष आहे.

इथेच खरी मेख आहे. सरकारी कामात नवे बांधायला भांडवली खर्च असतो. त्याला उद्घाटन असते, कोनशिला असते, फीत असते, पेपरात फोटो असतो. देखभाल हा महसुली खर्च. त्याला फीत नाही, कोनशिला नाही. 'या पाळण्याला यंदा वेळेवर ग्रीस लावले' असा फलक तुम्ही कुठे पाहिला आहे काय? म्हणून नव्याला पैसा मिळतो आणि जुने खंगत राहते. मग एक दिवस सगळेच मोडकळीला आले की पुन्हा नूतनीकरण, पुन्हा फीत. रोजच्या थोड्या खर्चाने जे टिकले असते, त्यावर एकरकमी मोठा खर्च होतो.

आणि ही रोजची देखभाल करतो कोण? ठेकेदाराचा कामगार. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि तो कमी दर शेवटी माळ्याच्या, सफाईवाल्याच्या, पाळणा चालवणाऱ्याच्या पगारातून निघतो. नवी मुंबई २०२० आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली. अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्यांच्या झाडूने हे नाव मिळवले, त्यांतल्या बहुसंख्यांच्या नोकरीला ठेक्याच्या मुदतीपलीकडे भरवसा नाही. ते कोणत्या समाजातून येतात, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कामगारांनाही लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला. तो निकाल उद्यानाच्या फाटकातून आत किती आला, हा प्रश्न विचारला पाहिजे. आज आहे आणि उद्या नाही अशा माणसाला यंत्राचा आवाज बदललेला ओळखू येत नाही. तो ओळखायला वर्षानुवर्षे त्याच यंत्रापाशी राहावे लागते. कामगाराची असुरक्षितता ही अशा रीतीने पाळण्यात बसलेल्या लेकराचीही असुरक्षितता ठरते.

हे सगळे नवे ज्ञान आहे असे कुणी समजू नये. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने लेणे नुसते खोदले नाही. तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी' गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंच्या चीवराची व इतर गरजांची सोय करायची, असा तो करार दगडात कोरून ठेवला. सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्या मातीतल्या माणसांना कळत होते की वास्तू उभारणे हे अर्धेच काम आहे. आजच्या उद्घाटनांच्या कार्यक्रमपत्रिकेत ही अक्षयनीवी कुठे आहे?

पुढे मोठा झाल्यावर मी गोराईला गेलो तो एस्सेल वर्ल्ड पाहायला नव्हे. शेजारीच ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. आत एकही खांब नसलेला तो दगडी घुमट एकात एक गुंतवलेल्या दगडांनी पेलला आहे आणि आठ हजार साधक त्याखाली बसू शकतात. पाहायला तिकीट नाही. एका बाजूला तिकिटावर चालणारे उद्यान तेहतीस वर्षांत मिटले, दुसऱ्या बाजूला दानावर चालणारी वास्तू उभी आहे. तुलना अगदी बरोबरीची नाही हे मला मान्य आहे, पाळणा आणि घुमट यांची झीज वेगळी. तरीही नफ्यासाठी उभारलेले नफा आटला की मिटते, एवढे तर दिसतेच. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाले, कर्जात बुडाले आणि २०२२ मध्ये त्याची मालकी बदलली. तिथले तिकीट खाणकामगाराच्या घराला तेव्हाही परवडणारे नव्हते आणि आजही नाही.

म्हणूनच सार्वजनिक उद्यान महत्त्वाचे. १९२३ च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात जो ठराव मंजूर करून घेतला, त्यात सरकारी पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांवर अस्पृश्यांचाही हक्क मान्य झाला. त्याच हक्काच्या बजावणीसाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. बांधणे आणि चालवणे, दोन्ही सार्वजनिक पैशातून. आत जाण्याचा हक्क आपण लढून मिळवला. आत गेल्यावर पाळणा बंद, नळ कोरडा आणि शौचालयाला कुलूप असेल तर तो हक्क कागदावरच राहतो. पैसेवाला दुसरीकडे जाईल. आपले लेकरू कुठे जाईल?

थोडे आपल्याविषयीही बोलू. स्मारक व्हावे म्हणून आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. ऐरोलीचे बाबासाहेबांचे स्मारक डिसेंबर २०२१ मध्ये ग्रंथालयासह खुले झाले. पण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून उरलेल्या दिवसांत आपल्या वस्तीतल्या पुतळ्याची, विहाराची, वाचनालयाची धूळ कोण पुसतो? कोपरखैरण्यात जुन्या कचराभूमीवर निसर्ग उद्यान फुलले आणि नेरूळच्या रॉक गार्डनला संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. गाडगेबाबांनी झाडू उद्घाटनापुरता धरला नव्हता.

तेव्हा गहिवरणे पुरे. आपल्या प्रभागाच्या उद्यानाला देखभालीसाठी यंदा किती तरतूद आहे आणि ती खर्च झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. पाळण्यांची शेवटची तपासणी कधी झाली, त्याची तारीख फाटकावर लावायला सांगा. आणि तिथल्या कामगाराला पूर्ण पगार मिळतो का, हे त्यालाच विचारा. उद्या एखाद्या खाणवस्तीतल्या पोराने 'आमची सहल' लिहिली, तर त्याला चमक मनाची घालावी लागू नये.