गॅस संपत नाही, गळतो

मार्च उजाडला की सोसायटीच्या जिन्यात एसीवाल्यांची वर्दळ सुरू होते आणि घरोघरी एकच निदान होतं: "गॅस संपलाय, भरावा लागेल." पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तांब्याच्या नळ्यांत तो बंद असतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो आणि पुन्हा आत येतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत तो साधारण किलोभर असतो आणि मशीन मोडीत निघेपर्यंत तेवढाच पुरायला हवा. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. फ्लेअर नट सैल झाला असेल, नाहीतर कॉइलला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं असेल. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या हवेत कॉइल लवकर खराब होते. गळती न शोधता नुसतं 'टॉप-अप' करणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यासाठी गिऱ्हाईक राखून ठेवणं.

हा गॅस कोणता, ते बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या एसीवर बहुधा 'आर-२२' दिसेल. त्यात क्लोरीन असतं आणि ते ओझोनचा थर खातं. १९८७च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. त्या करारानुसार या जातीचे गॅस आपल्याकडे टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. १ जानेवारी २०२५ पासून नव्या उपकरणांच्या उत्पादनात ते वापरता येत नाहीत. २०३० पासून त्यांचा पुरवठा जवळपास थांबेल आणि २०४० पर्यंत फक्त दुरुस्तीपुरता अगदी थोडा कोटा राहील.

आर-२२ ची जागा घ्यायला 'आर-४१०ए' आला. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोन वाचला. पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जबर निघाला. म्हणून २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात माँट्रियल करारालाच दुरुस्ती जोडली गेली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्या वाट्याला सावकाश वेळापत्रक आलं आहे. २०२८ मध्ये अशा गॅसांचा वापर गोठवायचा, २०३२ मध्ये दहा टक्के कपात आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. दुकानात आज जो 'आर-३२' सर्रास मिळतो, तो आर-४१०ए मधलाच अर्धा घटक. त्याचा तापवण्याचा आकडा ६७५ आहे. बराच कमी, पण तोही किगालीच्या यादीत आहेच. म्हणजे आज घेतलेला एसीही शेवटचा मुक्काम नव्हे.

त्यापुढचा पर्याय भारतात २०१२ पासून आहे. मुंबईच्या गोदरेजने त्या वर्षी 'आर-२९०' वर चालणारा घरगुती एसी बाजारात आणला. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवा तापवण्यात तो नगण्य आणि ओझोनला निरुपद्रवी, पण ज्वलनशील. नाव ऐकूनच लोक दचकतात. दीड टनाच्या मशीनमध्ये तो साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅम असतो, आणि त्याच घराच्या ओट्याखाली १४.२ किलोचा सिलिंडर निवांत उभा असतो. मला धास्ती वाटते ती दुरुस्तीची. नळ्यांतला गॅस पूर्ण काढून नायट्रोजन न फिरवता कुणी ब्रेझिंगची ज्योत लावली, तर धोका खरा आहे. आर-३२ सुद्धा सौम्य का होईना, पण जळणारा आहे.

आता घरातल्या जुन्या आर-२२ चं काय करायचं? थंड करत असेल तर चालू द्या; तारीख गाठायला धडधाकट मशीन काढून टाकण्यात शहाणपण नाही. कॉइल मात्र गळू लागली, तर तिच्यावर मोठा खर्च करू नका. ते पैसे नव्या पाच-तारा मशीनकडे वळवा, आणि खरेदी एप्रिलच्या घाईत न करता हिवाळ्यात करा. आर-३२ चा दाब आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं, त्यामुळे जुन्या मशीनमध्ये तो चालत नाही. आर-२९० चा दाब आर-२२ च्या जवळपास आहे, म्हणून "हाच टाकून देतो, मस्त चालेल" असं कुणी म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या मशीनची वायरिंग आणि स्विचेस ज्वलनशील गॅससाठी केलेलीच नसतात. नवा एसी बसवताना व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून 'गॅसने हवा काढणं' ही पद्धत अजून सर्रास चालते. त्यात गॅसही वाया जातो आणि ओलावा आतच राहतो.

सगळ्यात दुर्लक्षित आहे तो मशीनचा शेवटचा दिवस. भंगारवाला नळी कापतो, फस्स आवाज होतो, तांबं तराजूत जातं. किलोभर आर-२२ हवेत गेला, तर त्याची हवा तापवण्याची ताकद सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी. पाच-तारा एसी वर्षाला आठशे युनिट खातो असं धरलं, तर ढोबळ हिशेबाने ही तीन वर्षांच्या विजेची बरोबरी झाली. ती फस्स टाळता येते. बाहेरच्या युनिटच्या बाजूला दोन पितळी व्हॉल्व्ह असतात. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. गेजवरचा दाब शून्याजवळ आला की जाड नळीचाही बंद करायचा आणि लगेच मशीन थांबवायचं. गॅस आउटडोअर युनिटमध्ये कोंडला जातो. याला 'पंप-डाऊन' म्हणतात. घर बदलताना मेकॅनिक हे करतातच, कारण तोच गॅस पुन्हा लागणार असतो.

मशीन मोडीत जाताना मात्र कुणी ही तसदी घेत नाही. नियमाने एसी हा ई-कचरा आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. तिथे रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये भरता येतो. शुद्ध केलेला हा आर-२२ तर २०३० नंतर जुन्या मशीनवाल्यांना हवाच असेल, कारण नवा मिळणं कठीण होणार. पण भंगारवाल्याला तांब्याचा भाव मिळतो, गॅसचा मिळत नाही. तो मिळू लागेपर्यंत एक्स्चेंजमध्ये जुना एसी देताना 'आधी पंप-डाऊन करा आणि युनिट न कापता न्या' एवढं दुकानदाराला बजावणं आपल्या हातात आहे.