कॉम्प्रेसरची हवा आट्यांतून का गळते?

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे. पेण तालुक्यातल्या या गावांत गणपतीचे कारखाने आहेत आणि रंगकामाला कॉम्प्रेसर, स्प्रे गन. यंत्र भारी घेतलं जातं, पण हवा गळते ती एल्बो-निपलच्या आट्यांतून.

आटे कितीही घट्ट पिळले तरी त्यांच्या शेंड्याशी आणि मुळाशी बारीक वाट उरतेच, आणि हवा त्या वळणावळणाने बाहेर येते. टेफ्लॉन टेप ती वाट बुजवते. बाहेरच्या आट्याचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर फिटिंग पिळताना सुटून गोळा होते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवाच, नाहीतर टेपचा तुकडा गनच्या नोझलमध्ये अडकतो आणि रंग थुंकल्यासारखा उडतो. मूर्तीच्या चेहऱ्यावर ते परवडत नाही. घट्ट केलेलं फिटिंग दिशा जुळवायला मागे फिरवू नका. उघडून नवी टेप लावा.

खरी फसगत मापाची. बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन पद्धती. अर्ध्या इंची मापात दोन्हींत इंचाला १४ आटे, एकमेकांत चढतातही. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीच्या आट्याचा ६०. तिथे टेपचे कितीही वेढे द्या, भरवसा नाही. समांतर, म्हणजे निमुळते नसलेल्या आट्यांना तर टेप नव्हे, वॉशर लागतो.

दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर आधी दाब सोडा, मगच पाना लावा. आणि हवेच्या लाइनला पीव्हीसी पाइप अजिबात नको, तो फुटला की तुकडे उडतात.