वाळा की हिना?

रायपूरच्या गोल बाजारात हळदीकुंकवाच्या खरेदीला निघालेल्या मराठी गृहिणीच्या यादीत हळद, कुंकू, सुपारी यांच्याखाली आणखी एक शब्द असतो – अत्तर. बाकीचे सामान पटापट पिशवीत पडते. अत्तराच्या कुप्या समोर आल्या, की मात्र हात थबकतो. खस घ्यावे की हिना?

उत्तर हळदीकुंकवाच्या दिवसांतच दडलेले आहे. एक हळदीकुंकू चैत्रगौरीचे, दुसरे संक्रांतीचे. दोन्ही वेळचे हवामान अगदी उलट!

खस म्हणजे आपला वाळा. माठातल्या पाण्यात टाकतो, तोच. मातीत वाढलेल्या या मुळांचा वास ओलसर आणि गार वाटतो. चैत्रात रायपूरचे ऊन तापू लागते. घामेजलेल्या, आंब्याची डाळ आणि पन्हे घेऊन विसावलेल्या पाहुणीच्या मनगटावर तोच शोभतो.

हिना मात्र थंडीचे अत्तर. नावावरून फसू नका. मेंदीच्या फुलांचे ‘गुलहिना’ वेगळे. हिना बनते ती नागरमोथा, जटामांसी अशी सुगंधी मुळे आणि मसाल्याचे पदार्थ एकत्र करून. हा वास जड, उबदार असतो. उन्हाळ्यात अंगाच्या उष्णतेने तो एकदम उसळतो आणि डोके धरते. जानेवारीत तोच हळूहळू उमलतो, शालीत रात्रभर रेंगाळतो.

लग्नालाही हाच नियम लावावा. वैशाखातल्या दुपारच्या मुहूर्ताला खस, माघातल्या संध्याकाळच्या स्वागताला हिना.

खरेदीत घाई नको. उत्तर प्रदेशातील कनौजला आजही तांब्याच्या डेगेत अर्क काढून तो चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदन महागल्यामुळे अनेक ठिकाणी दुसरी तेले वापरली जातात. त्यामुळे फारच स्वस्त कुपी दिसली, तर आत काय आहे ते विचारावे. एका मनगटावर खस, दुसऱ्यावर हिना लावावे. चोळू नये. उरलेली खरेदी उरकून अर्ध्या तासाने पुन्हा हुंगावे. पहिला दरवळ ओसरल्यावर जो उरतो, तोच खरा वास. एक मोठी बाटली घेण्यापेक्षा दोन छोट्या कुप्या घ्याव्यात. त्या उन्हापासून दूर, घट्ट झाकून ठेवाव्यात. अत्तराचे डाग पडतात, म्हणून रेशमी पदरावर ते लावू नये.

आणखी एक गोष्ट. हळदीकुंकवाचे अत्तर आपल्यासाठी नसतेच. ते दुसरीच्या हातावर लागायचे असते. कुणाला दमा असतो, कुणाचे डोके तीव्र वासाने दुखते. पण मान राखायचा म्हणून ती बिचारी मुकाट्याने हात पुढे करते. तेव्हा कुपी उघडण्यापूर्वी ‘चालेल ना?’ एवढे विचारावे. नको म्हणालीच, तर हातावर एक फूल ठेवावे. मान तेवढाच राहतो.