कावागुचीच्या काठाने, फुजीला समोर ठेवून

जपानच्या यामानाशी प्रांतात फुजी पर्वताच्या उत्तर पायथ्याशी पाच सरोवरे कमानीसारखी पसरली आहेत : यामानाका, कावागुची, साई, शोजी आणि मोतोसू. ३,७७६ मीटर उंचीच्या या ज्वालामुखीनेच ती घडवली. लाव्हा उत्तरेकडे वाहत आला, समोरच्या मिसाका डोंगररांगेपाशी अडला, ओढ्यांची वाट बुजली आणि पाणी साचत गेले. इ. स. ८६४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात तर सेनोउमी नावाच्या मोठ्या सरोवरातच लाव्हा शिरला. त्या सरोवराचे जे तुकडे उरले, तीच आजची साई आणि शोजी ही सरोवरे. थिजलेल्या लाव्ह्यावर पुढे आओकिगाहाराचे दाट अरण्य वाढले.

पायी फिरण्यासाठी या पाचांत कावागुची सर्वांत सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८३० मीटरवर असलेले हे सरोवर पाचांत सर्वांत सखल, आणि त्याचा किनारा सर्वांत लांब. टोकियोतल्या शिंजुकूहून बस साधारण दोन तासांत इथे पोहोचवते. रेल्वेने यायचे तर, थेट गाडी नसेल तेव्हा, ओत्सुकीला गाडी बदलावी लागते. कावागुचिको स्थानकातून बाहेर पडले की दहाएक मिनिटांत पाणी दिसू लागते.

बहुतेक पर्यटक स्थानकाजवळच्या दक्षिण काठावरच रेंगाळतात. हॉटेले, दुकाने, बोटींचा धक्का सगळे तिथेच आहे. पण तिथे उभे राहून सरोवराकडे पाहिले, तर फुजी पाठीमागे राहतो. पर्वत आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब एकत्र पाहायचे असेल, तर उत्तर काठच गाठला पाहिजे. तिथून शिखर सुमारे १८ किलोमीटरवर, अगदी समोर येते. वेळही निवडावी लागते. उत्तरेकडून पाहणाऱ्याला फुजी दक्षिणेला असतो, त्यामुळे हिवाळ्याच्या दुपारी सूर्य त्याच्या बाजूलाच येतो आणि पर्वत काळपट दिसतो. शिवाय दिवस चढला की वारा सुटून पाणी हलते, ढगही जमतात. म्हणून पहाटे निघणे सर्वांत चांगले. ऋतूंमध्ये थंडीचे महिने आकाश स्वच्छ असण्याच्या दृष्टीने उत्तम. ऐन उन्हाळ्यात फुजी बऱ्याचदा दिवसभर ढगाआड असतो, आणि त्याच्या माथ्यावर बर्फही नसतो.

स्थानकाकडून पूर्व काठाने निघून उत्तर काठावरच्या ओइशी उद्यानापर्यंत जाणारी वाट दोन-अडीच तासांची, जवळजवळ सपाट आहे. चढाची सवय नसलेल्यांनाही ती झेपते. वाटेत उबुयागासाकीचे टोक लागते. इथे लाव्ह्याचे काळे, खडबडीत खडक थेट पाण्यात उतरलेले दिसतात. सरोवर कसे जन्मले ते समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. एप्रिलच्या मध्यास इथे चेरी फुलते. टोकियोतला बहर तोवर ओसरलेला असतो, कारण इथली हवा उंचीमुळे थंड.

पाण्याच्या मधोमध उनोशिमा हे झाडीने भरलेले छोटे बेट दिसते. पाचही सरोवरांत बेट आहे ते एवढेच. त्यावरचे देऊळ बेंझाइतेन देवीचे आहे. ही देवी म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेली आपली सरस्वती; हातात वीणेसारखे वाद्य आणि पाण्याकाठचा निवास ही तिची ओळख तिथेही टिकून राहिली आहे. एखाद्या कोरड्या वर्षी सरोवराची पातळी इतकी उतरते, की एरवी पाण्याने वेढलेल्या जागाही पायी गाठता येतात. कावागुचीतून बाहेर वाहणारी नैसर्गिक नदी नाही, त्यामुळे पातळी सतत चढउतार करते. फुजीच्या सच्छिद्र लाव्ह्यात पावसाचे पाणी मुरून जाते, म्हणून डोंगरापलीकडच्या गावांत शेतीला पाण्याची टंचाई असे. एदो काळात तिथल्या लोकांनी डोंगर पोखरून सुमारे पावणेचार किलोमीटरचा बोगदा हातांनी खोदला आणि सरोवराचे पाणी पलीकडे नेले. निसर्गसौंदर्याच्या वर्णनात या कष्टाची आठवण क्वचितच निघते.

सरोवराकाठची पायपीट ही आधुनिक पर्यटनाची देणगी नाही. एदो काळात फुजीला देव मानणाऱ्या भाविकांचे संघ गावोगाव होते. फुजीवर चढणे आणि पायथ्याच्या आठ जलस्थानांची यात्रा करणे हा त्यांच्या आचाराचा भाग होता, आणि कावागुची त्या आठांत मोडते. कावागुची गावातले ओशी, म्हणजे आपल्याकडच्या तीर्थोपाध्यायांसारखे लोक, यात्रेकरूंना घरी उतरवून घेत आणि पूजाअर्चा करवीत. काठापासून थोडे आत असलेले कावागुची आसामा देवस्थान ८६५ मध्ये, आदल्या वर्षीच्या उद्रेकाला शांत करण्यासाठी स्थापन झाले असे मानतात. त्याच्या आवारातले सात प्रचंड सुगी (जपानी देवदार) वृक्ष पाहण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

पुढे मेपलच्या झाडांची रांग येते. नोव्हेंबरात ती लालभडक होते. तिच्या शेजारी इचिकू कुबोता यांचे संग्रहालय आहे. १९१७ मध्ये जन्मलेल्या कुबोतांनी विशीत एका संग्रहालयात त्सुजिगाहाना या लुप्त झालेल्या रंगकामाचा जुना तुकडा पाहिला आणि ती कला पुन्हा उभी करण्याचा ध्यास घेतला. मध्ये युद्ध आले, सायबेरियात कैद आली. त्यांच्या किमोनोंचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. एकापुढे एक मांडलेल्या किमोनोंवर मिळून एकच अखंड निसर्गदृश्य उमटवणारी त्यांची मालिका २००३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत पुरी झाली नव्हती. फुजी रोज पाहूनही न संपणारा विषय का आहे, हे तिथल्या दालनात फार नेमके कळते.

ओइशी उद्यानात जून-जुलैला लॅव्हेंडर आणि ऑक्टोबरात लालचुटुक कोकियाची झुडपे असतात. मिसाका रांगेच्या या बाजूचे दृश्य चित्रकार होकुसाई यांनी १८३० च्या सुमारास फुजीच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेत रंगवले. त्यांच्या चित्रात वरचा पर्वत उन्हाळ्यातला उघडा आहे आणि पाण्यातला मात्र हिमाच्छादित. ओइशीहून परतण्यासाठी सरोवराभोवती फिरणारी बस मिळते.

२०१३ मध्ये फुजीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तोही सांस्कृतिक वारसा म्हणून. त्यानंतर वाढलेल्या गर्दीचा ताण काठावरच्या गावांना सोसवेना. मे २०२४ मध्ये फुजीकावागुचिको नगरपालिकेने एका दुकानामागे दिसणाऱ्या फुजीचे छायाचित्र घेण्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या पर्यटकांना आवरायला अडीच मीटर उंच काळा पडदाच उभारला. ऑगस्टमध्ये तो काढला गेला, तरी त्यामागची तक्रार रास्त होती. तेव्हा इथे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनीही कोणाच्या अंगणात, शेतात किंवा रस्त्याच्या मध्यावर पाय ठेवू नये, कचरा सोबत परत न्यावा आणि उत्तर काठासाठी निदान एक पूर्ण सकाळ मोकळी ठेवावी.