भाजलेला हात आणि केसपेपरवरची ओळ

उमरखेड नागपूर–तुळजापूर महामार्गावर आहे. त्यामुळे रस्त्याला ढाबे, गावात नाश्त्याची हॉटेले आणि लग्नसराईत केटररची कामे. संध्याकाळी या ठिकाणी ताटे उचलणारी, कढईपाशी उभी राहणारी मुले पाहा. त्यातली कितीतरी सकाळी कॉलेजात असतात. ढाणकी, विडूळ, मुळावा अशा गावांतून शिकायला आलेली, खोली करून राहणारी. शिष्यवृत्ती कधी जमा होईल याचा भरवसा नाही, खोलीभाडे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागते. या कामाला आम्ही नावे ठेवत नाही. पण तिथे लागले, भाजले तर काय करायचे, हे या मुलांना कुणी सांगत नाही.

ओल्या फरशीवर घसरणे, बेसिनमधल्या फुटक्या ग्लासाने हात कापणे, कुकरची वाफ लागणे हे नेहमीचे. सगळ्यात वाईट म्हणजे उकळते तेल. अशा वेळी कुणी टूथपेस्ट आणतो, कुणी हळद, कुणी बर्फ. यातले काहीही लावू नये. ड्रेसिंग करताना ती पेस्ट आधी काढावी लागते, आणि तेव्हा पोरगा जो ओरडतो तो आम्ही पुष्कळ ऐकला आहे. भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, तोही घड्याळ लावून वीस मिनिटे. दोन मिनिटांत आग कमी झाली म्हणून हात काढू नये. अंगठी, कडे, घड्याळ, मनगटाचा दोरा सूज येण्याआधी काढावा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत. मग स्वच्छ कोरडे फडके सैल गुंडाळावे. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी: पाणी भाजलेल्या अंगावर, पेटलेल्या तेलावर कधीच नाही. कढईने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण टाकावे.

तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे भाजले असतील, तर दवाखाना गाठावाच. दुखत नाही म्हणून थांबू नये. खोल भाजले की तिथल्या नसाच जळतात, मग दुखणार काय? धनुर्वाताचे इंजेक्शन विचारून घ्यावे. जास्त असेल तर 108 ला फोन करावा. पुढे पाठवायची वेळ आली तर आपल्याला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. म्हणून 'खर्च मी करतो, पण गप्प राहा' असे मालक म्हणाला तर त्याचे ऐकण्याची गरज नाही.

हे गप्प राहणेच पुढे महागात पडते. आम्ही वॉर्डात असताना 'कसं भाजलं?' विचारले की मुलगा आधी सोबत आलेल्या माणसाकडे पाहायचा. मग म्हणायचा, "घरीच चहा सांडला, सिस्टर." चहाने भाजलेले आणि तेलाने भाजलेले नर्सला ओळखू येते. पण केसपेपरवर तो सांगेल तेच लिहिले जाते, आणि एकदा 'घरी' असे लिहिले की पुढे हक्क सिद्ध करणे फार कठीण. भाजल्याच्या केसची नोंद पोलिसांकडे जाते, म्हणून घरचेही घाबरतात. अशी नोंद म्हणजे कुणावर लगेच गुन्हा नव्हे. तेव्हा खरे ते सांगावे: कुठल्या हॉटेलात, किती वाजता, कोणते काम करताना. आणि कागदाचा फोटो काढून ठेवावा.

कामावर कामामुळे इजा झाली आणि तीन दिवसांहून जास्त काम करता आले नाही, तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व 1923 च्या कायद्यापासून आहे. 2009 च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही त्यात आला. काम संध्याकाळपुरते आहे एवढ्याने हक्क जात नाही. दावा दोन वर्षांच्या आत करावा. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 मध्ये, प्रा. आडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली आणि पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. जयंतीच्या भाषणांत हे आपण ऐकतो. केसपेपरवर 'हॉटेलात' हा एक शब्द लिहून घेताना मात्र आपली जीभ अडखळते.

हजेरीपटावर नाव नसते, ही खरी अडचण. पण पगार फोनपेवर आला असेल, 'आज लवकर ये' असा मालकाचा व्हॉट्सॲप मेसेज असेल, सोबतचा एखादा मुलगा सांगायला तयार असेल, तर तोही पुरावाच. हे मेसेज पुसू नयेत. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हात भाजला असेल तर डॉक्टरांना विचारून बोटे दिवसातून अनेकदा हलवावीत, नाहीतर ती आखडतात आणि मग पेनही नीट धरता येत नाही. कातडी पूर्ण भरेपर्यंत भांड्यांच्या साबणात हात घालू नये. तोवर 'कधी येतोस' म्हणून मालकाचा फोन आलाच, तर तो घरातल्या मोठ्या माणसाने घ्यावा.