डायलिसिस आणि पुरुषांतील संप्रेरकांचे असंतुलन

मूत्रपिंडांचे कार्य केवळ रक्त गाळून मूत्र तयार करण्यापुरते मर्यादित नाही. लाल रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः तेथेच तयार होते, ‘ड’ जीवनसत्त्वास क्रियाशील रूप मिळते आणि काही संप्रेरकांचा निचराही होतो. डायलिसिसचे यंत्र रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी काढून टाकते. ही अन्य कार्ये मात्र त्याद्वारे पुरेशी भरून निघत नाहीत.

पुरुष रुग्णांत या उणिवेचा परिणाम प्रजननसंस्थेवरही होतो. सामान्यतः टेस्टोस्टेरॉन घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ल्यूटिनायझिंग संप्रेरक अधिक स्रवते आणि वृषणे पुन्हा कार्यक्षम होतात. डायलिसिसवरील रुग्णांत मात्र या संप्रेरकाची पातळी बहुधा वाढलेली असूनही वृषणांचा प्रतिसाद अपुरा राहतो. त्यातच प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे स्रवण वाढते व निचरा मंदावतो. वाढलेले प्रोलॅक्टिन टेस्टोस्टेरॉनची निर्मिती आणखी रोखते.

परिणामी थकवा, स्नायूंची झीज, हाडांचा कमकुवतपणा, कामेच्छा कमी होणे, वंध्यत्व अशी लक्षणे दिसू शकतात. एरिथ्रोपोएटिनच्या अभावामुळे आधीच असलेल्या रक्तक्षयातही भर पडते. ही लक्षणे वयाची किंवा आजारपणाची म्हणून दुर्लक्षिली जातात. संकोचामुळे रुग्ण ती डॉक्टरांना सांगतही नाहीत.

वस्तुतः सकाळी घेतलेल्या रक्तनमुन्यावरून टेस्टोस्टेरॉनची पातळी तपासता येते. पुरेसे डायलिसिस, रक्तक्षयावरील उपचार व प्रोलॅक्टिन वाढविणाऱ्या औषधांचा फेरविचार हे प्राथमिक उपाय होत. टेस्टोस्टेरॉनची औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. मूत्रपिंडाच्या यशस्वी प्रत्यारोपणानंतर अनेक रुग्णांत संप्रेरकांचे संतुलन बऱ्याच अंशी सुधारते. भारतात अवयव प्रत्यारोपणाचे नियमन १९९४च्या कायद्यान्वये होते; २०११मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली.

२०१६-१७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना विनामूल्य डायलिसिस देण्याची तरतूद त्यात आहे. आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रात येणाऱ्या या रुग्णांची तेथेच आपुलकीने विचारपूस झाल्यास ही लक्षणे वेळीच उघड होतील. यंत्राने आयुष्य लांबते. ते सुसह्य होण्यासाठी तपासणी व समुपदेशन यांचीही जोड आवश्यक आहे.